एकीच पुल बाकी

१७ जून १९९६

ही डायरी जानेवारीपासूनची आहे आणि मला मिळाली जूनमध्ये. नातीच्या कोचिंग क्लासने फुकट वाटलेली. तेजश्रीला नको होती. पहिली साडेपाच महिन्यांची पानं कोरी सोडावीत की त्यांवर लिहावं, या विचारात सकाळ गेली. शेवटी सोडली. गेलेल्या तारखेवर आजचं लिहिणं खोटं वाटतं.

माझं शिक्षण चौथी, तेही निजामाच्या काळातलं, उर्दूत. मराठी अक्षरं लग्नानंतर सुशीलाने पाटीवर शिकवली. ती मुलींच्या मराठी शाळेतली, सातवी पास. अजून माझी किराण्याची यादी लाल पेन्सिलीने दुरुस्त करते. म्हणून ही वही माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातल्या एका बंद पडलेल्या वॉल्व्हच्या रेडिओत ठेवणार. आणि एक नियम. मागचं पान उघडायचं नाही. उघडलं की चुका दिसतात, आणि चुका दिसल्या की मला अन्न गोड लागत नाही.

लिहायचं कारण मकरंद. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. नोकरी बँकेत, पण खरा तो 'द सिग्नलमेन'चा. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये एकोणतीस वर्षांपूर्वी निघालेला बँड. लग्नाच्या वरातीतला नव्हे, गिटारचा. मकरंद गातो, टेलिफोन खात्यातला मोईन बास गिटार वाजवतो, लोको शेडमधला डेरिक ड्रम. त्यांचा पहिला अॅम्प्लिफायर मी बनवला होता, कारण तेव्हा बाहेरचा मिळत नव्हता. आता कोठीच्या बाजारात पाहिजे त्या देशाचा मिळतो.

आजवर त्यांनी क्लबांतून इंग्रजी गाणी म्हटली. बहात्तर साली दोन गाण्यांची एक छोटी तबकडी निघाली, तेवढीच. आता मुंबईची एक कंपनी त्यांची अख्खी कॅसेट काढणार आहे. डेरिक डिसेंबरात मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाणार, कायमचा. म्हणजे ही पहिली आणि शेवटची.

मकरंद सांगून गेल्यापासून मी तीन सेट उघडले आणि एकही मिटला नाही. सुशीला म्हणाली, "कॅसेट त्यांची, आणि काम अडलंय तुमचं."

२१ जून

स्टुडिओ बघितला. दिलसुखनगरला, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दोन मजल्यांवर कोचिंग क्लास. बॅच सुटून दुसरी भरेपर्यंतच रेकॉर्डिंग करता येतं, नाहीतर गाण्यात फिजिक्स ऐकू येतं. मला बोलावलं कारण सगळीकडे घूं असा आवाज येत होता. मालक अप्पाराव म्हणाला, "पेद्दायना, तुमीच देखो. नई मशीनां है, नया स्पीकर है, फिर भी मच्छर बोलतै." पेद्दायना म्हणजे तेलुगूत थोरला माणूस. बरं वाटलं. दोष अर्थिंगचा होता. खाली मीटरपाशी तार सैल.

पण मी चकित झालो ते दुसऱ्याच गोष्टीने. ही माणसं एकत्र गातच नाहीत. आधी डेरिक एकटा वाजवतो. मग मोईन कानाला हेडफोन लावून त्याच्यावर वाजवतो. मकरंद सगळ्यांच्या शेवटी. गाणं दर्जी सदरा शिवतो तसं शिवतात, बाही वेगळी, गळा वेगळा. मी विचारलं, "चुकलं तर?" अप्पाराव म्हणाला, "उत्ताच उसवके फिर से सीते."

मग त्याने मला टेपची एक रिकामी पट्टी ऐकवली, जिच्यावर कोणीच काही वाजवलेलं नव्हतं. मी दोन मिनिटं ऐकली. त्यात काहीतरी होतं. खोलीचा श्वास म्हणा. माझ्या अॅम्प्लिफायरमध्ये असं काही कधी ऐकू आलं नाही, कारण तिथे घूं होतं. पुन्हा जायला मिळेल का?

३० जून

मकरंद आला. नऊ गाणी झाली, सगळी इंग्रजी. कंपनीचं म्हणणं, एक तरी आपल्या बोलीतलं पाहिजे, हैदराबादी.

"दादा, ते तुझं पुलाचं म्हण की."

मला आधी कळेना. मग आठवलं. आई अफजलगंजच्या मोठ्या दवाखान्यात चाळीस दिवस होती. मी वीस वर्षांचा, हा सहाचा. रोज दुपारनंतर तिला बघून आम्ही मलकपेठला चालत परत यायचो. कोठीपाशी याचे पाय दुखायचे, हा रस्त्यात बसायचा. मग मी चाल लावून काहीतरी म्हणायचो. चादरघाटचा पूल ओलांडला की घर, म्हणून 'एकीच पुल बाकी'. एक्केचाळिसाव्या दिवशी आई स्वतः चालत घरी आली. पुलाच्या तोंडाशी धाप लागून थांबली, तेव्हा यानेच तिला म्हटलं, "एकीच पुल बाकी, आई." ती हसली. त्यानंतर एकवीस वर्षं जगली.

मी म्हटलं, ते काय गाणं आहे? मकरंद म्हणाला, "तू लिहून दे. तुझं नाव येईल कॅसेटवर."

सुशीला आतून म्हणाली, "नाव येणार म्हणजे ह्रस्वदीर्घ मला दाखवून द्या."

४ जुलै

लिहिलं. बोली आपली दख्खनी, म्हणून उर्दू अक्षरांतच हाताला आलं. मोईन वाचून देईल, मकरंदला उर्दू येत नाही, त्याच्या वेळेला शाळांतून उर्दू गेली होती.

पांव दुखे तो दुखने दे
धूप ढले तो ढलने दे
एकीच पुल बाकी है अब
घर दिखरा है, चलने दे

बाकीची दोन कडवीही अशीच. प्रत्येकात तो पुल येतो.

लिहिताना मौलवीसाहेबांची छडी आठवली. उर्दूत नुसतं प आणि ल लिहिलं तर ते पल होतं, क्षण. पुल करायचा तर वर एक छोटं वळण काढावं लागतं, पेश. बरेच लोक लावत नाहीत, अंदाजाने वाचतात. मौलवीसाहेब सोडत नसत. वाचताना जबरच्या 'अ'ला तोंड उघडं, जेरच्या 'इ'ला दात दिसले पाहिजेत, पेशच्या 'उ'ला ओठ गोल. माझा पेश राहिला की म्हणायचे, "पुल गिरा दिया रे उमाजी. मुसाफिरां सब नदी में."

म्हणून पेश लावला. हिरव्या शाईने. पुन्हा एकदा गिरवला. तिन्ही ठिकाणी.

११ जुलै

आज माझं गाणं टेपवर भरलं. भरताना मी खोलीत नव्हतो. अप्पाराव म्हणाला, "पेद्दायना, जरा नीचे का तार देख लो, फिर मच्छर आया." मला तर काही ऐकू येत नव्हतं. तरी गेलो. तार घट्ट होती. वर आलो तर दार बंद, लाल दिवा लागलेला. जिन्यात पाऊण तास बसलो. भिंतीतून नुसते डेरिकचे ठोके येत होते.

त्याआधी मुंबईचा फोन आला होता. अप्पाराव बोलत होता, "हौ साब, करतै साब. एक मात्रे का तो फरक है." तालाचं काहीतरी असणार. एक मात्रा कमी केली तर चालीला झोक येतो, हे मीही ऐकून आहे.

दार उघडलं तेव्हा मोईन आधी बाहेर आला. मला जिन्यात बघून म्हणाला, "उमाजी भाई, मैं तो बराबर पढा था."

मी म्हटलं, "तुम नै पढते तो कौन पढता? चलो, चाय पीते."

तो चहा न पिताच गेला. मकरंदचा घसा बसला होता, बोलत नव्हता. एवढा वेळ गायल्यावर बसणारच. ऐकायला मिळेल का विचारलं, तर म्हणाला, अजून शिवण बाकी आहे.

२८ जुलै

आज मैदानावर घोड्यांची रेस होती, रस्ता भरलेला. दुकान अर्धा दिवस उघडलं नाही. मकरंद सतरा दिवस आला नाही. पूर्वी दर रविवारी यायचा. त्याच्या सुनेने, अनुराधाने, बदाम की जालीची मिठाई आणून दिली, त्याने पाठवलेली. सण ना वार. मला वाटतं कंपनीने नाही म्हटलं असेल, आणि सांगायला जीभ रेटत नसेल. किंवा माझंच गाणं काढून टाकलं असेल. टाकलं तर टाकलं. पण मग जाली कशाला?

२४ ऑगस्ट

कॅसेट आली. तेजश्री दिलसुखनगरच्या दुकानातून घेऊन आली. म्हणजे मकरंदकडून नाही आली.

वर नाव 'एकीच पल'.

आधी वाटलं छापणाऱ्याची चूक. मग लावून ऐकली. दहावं गाणं. मकरंद गातोय, गळा काय लागलाय, पन्नाशीचा माणूस सहा वर्षांच्या पोरासारखा गातोय. आणि गातोय, 'एकीच पल बाकी है अब, घर दिखरा है, चलने दे.'

तीनदा ऐकलं. तिन्हीदा पल.

तेजश्री म्हणाली, "आजोबा, सॉलिड आहे ना? एकदम सॅड."

पेश राहिला माझा. साठ वर्षं होत आली ती छडी खाऊन, आणि नेमका इथे राहिला. मोईनने कागदावर होतं ते वाचलं. 'बराबर पढा था' म्हणाला तो, आणि मी त्याला चहा पाजत होतो.

कव्हर भिंगाखाली धरून बघितलं. 'गीत: मकरंद' असं छापलंय. माझं नाव नाही. मग लक्षात आलं. चूक लक्षात आल्यावर माझी शोभा होऊ नये म्हणून त्याने सगळं स्वतःच्या नावावर घेतलंय. म्हणूनच येत नाही. मी विचारीन, आणि त्याला सांगावं लागेल.

२६ ऑगस्ट

जेवण नाही. सुशीलाने ताट उचललं नाही, तसंच समोर ठेवून बसली. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आणि विसरलात? दुकानाचं कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस?"

उर्दू तिला येत नाही. तिला काय सांगायचं.

३१ ऑगस्ट

शेजारचे नामदेवराव इंग्रजी पेपर घेऊन आले. कोर्टातून पेशकार म्हणून रिटायर झालेत, वाचून मराठीत सांगतात. लिहिलंय की नऊ गाणी ठीक, ऐकल्यासारखी वाटणारी. पण दहावं वेगळं आहे. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बँडने मरणाच्या दारातून म्हटलेलं, ज्यात घर म्हणजे परलोक.

घडी घालून नामदेवराव हळूच म्हणाले, "मकरंदाची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे."

"नाही, शेवटचा क्षण वगैरे. आमच्या मेव्हण्यानेही आधी कोणाला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, ते घर मलकपेठचं आहे, हे समोरचं, परलोक नव्हे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा न घेता गेले.

९ सप्टेंबर

कॅसेट चाललीय. मुंबईत नाही म्हणे, पण इथे चाललीय. ऑटोत लावतात. सगळ्यात जास्त कोचिंगच्या पोरांत. परीक्षेचा पेपर काढून घ्यायच्या आधी हातात जो वेळ राहतो, तो म्हणे एकीच पल. तेजश्रीच्या क्लासच्या फळ्यावर कोणी लिहून ठेवलं होतं, सरांनी पुसलं नाही.

आज पानाच्या टपरीवर एक मुलगा गुणगुणत होता. मी म्हटलं, "बेटा, पल नहीं, पुल."

"क्या अंकल?"

"पुल. चादरघाट का."

तो मित्राला म्हणाला, "अंकल कू सुनाई कम आता." तिथून उठून आलो. लोकांना आवडलंय ते चुकलेलंच आवडलंय, याचं काय करायचं? मी पेश लावला असता तर आवडलं असतं का? हे मात्र मला खरंच जाणून घ्यायचंय. अप्पारावला विचारावं, पट्टी उसवून एकच अक्षर बदलता येतं का.

२२ सप्टेंबर, रविवार

आज सिकंदराबादला रेल्वेच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम, दुपारी तीनला. पत्रिका पोस्टाने आली होती. खुर्चीत न बसता आधी पडद्यामागे गेलो. आठ दिवस जे घोकत होतो ते एका दमात म्हटलं.

"मकरंद, पेश माझ्याकडून राहिला. तू आपलं नाव लावून झाकून घेतलंस. पण तू येणं बंद करू नकोस."

त्याच्या हातात गिटारची तार होती. ती तशीच राहिली. "कोण म्हणालं तुला असं?"

"कोणी नाही. माझं मलाच कळलं."

डेरिक स्टुलावरून उठून बाहेर गेला. मोईन म्हणाला, "अब तो बोल दे यार, मकरंद." पडदा उघडायची वेळ झाली असणार. लोकांशी आधी मकरंदच बोलतो.

हॉल भरला होता, निम्मी कोचिंगची पोरं. दहावं गाणं सुरू झाल्यावर तीच गायला लागली. पण एक पाहिलं. तो शब्द आला की मकरंद माईकपासून तोंड फिरवायचा. तीनदा शब्द आला, तिन्हीदा. पोरं म्हणत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

परत येताना बसमध्ये माझ्याजवळ बसला, आणि कोठीलाच म्हणाला, "दादा, इथेच उतरू." चालत निघालो. ऊन उतरत होतं. पुलावर वारा फार. मध्यावर थांबून त्याने सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "घरी जाऊन बघ. इथे उडेल." मग म्हणाला, "मी पुढे येत नाही आज," आणि तसाच मागे फिरला. घर दहा मिनिटांवर होतं. त्याच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे मी तो कोठीच्या गर्दीत जाईपर्यंत बघत राहिलो.

२३ सप्टेंबर

काल आल्याबरोबर कागद बघायचा धीर झाला नाही. आज दुकानात, भिंगाखाली बघितला.

माझाच कागद. पेश आहे. हिरव्या शाईचा, दोनदा गिरवलेला, तिन्ही ठिकाणी.

पहिला विचार असा आला की मला बरं वाटावं म्हणून मकरंदने तो नंतर काढला. पण त्याला उर्दू येत नाही. मग मोईनने काढला असेल. पण हिरवी शाई माझ्या दौतीतली आहे, पाणी घालून पातळ केलेली, ती मोईनकडे कशी असेल?

मग नियम मोडला. ४ जुलैचं पान उघडलं. चुका पुष्कळ आहेत. पण लिहिलंय, 'पेश लावला. पुन्हा एकदा गिरवला.' मग ११ जुलै वाचलं. एका मात्रेचा फरक. मी ताल समजत होतो. मोईन बरोबर वाचलं होतं म्हणत होता, आणि मी त्याला चहा विचारत होतो. खालची तार घट्टच होती.

मुंबईला आमचा पूल कोणाला माहीत असणार. पल सगळ्यांना कळतो.

राग आला. नावाचा नाही, नाव असून मला काय करायचंय. पण आई चालत घरी आली होती त्या पुलावरून. या गाण्यात तिला मारून टाकलं त्याने.

संध्याकाळपर्यंत काउंटरवर तो कागद समोर ठेवून बसलो. दोन गिऱ्हाइकं परत गेली. घडीवर कागद इतका झिजलाय की चारी कोपऱ्यांना भोकं पडलीत. नुसता खिशात ठेवून कागद असा झिजत नाही. तो काढून उघडावा लागतो आणि पुन्हा ठेवावा लागतो, पुष्कळदा. जो माणूस त्यातलं एक अक्षर वाचू शकत नाही, तो काय बघत असेल त्यात?

सुशीलाने विचारलं, काय आहे? म्हटलं, जुना नकाशा आहे एका रेडिओ सेटचा.

२९ सप्टेंबर, रविवार

तेजश्रीकरवी मकरंदला जेवायला बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं. बरोबर साडेबाराला आला, अडीच महिन्यांनी. सुशीलाने बगारे बैंगन केले होते. "मोठे गायक झालात, आम्हाला पत्रिका पोस्टाने," म्हणत तिने वाढलं. त्याने खाली मान घालून दोन घास खाल्ले.

काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं.

"कागद बघितला रे. पेश नव्हता. माझाच राहिला होता."

त्याचा हात भातातच थांबला. सुशीला पाणी घेऊन दारात उभी राहिली. ती माझ्याकडे बघत होती, मी खोटं बोलतो तेव्हा तिला कळतं.

मकरंद म्हणाला, "दादा, तुला चष्मा बदलायला पाहिजे."

"हौ. बदलतो."

"मी नेतो तुला. उद्याच."

मग जेवला. तीन वेळा भात घेतला. डेरिक जायच्या आधी नोव्हेंबरात एकदा वाजवणार आहेत, तिकीट नाही, घरातलीच माणसं. मला म्हणाला, तुझा जुना अॅम्प्लिफायर दुरुस्त करून ठेव. मी म्हटलं, घूं करेल. म्हणाला, करू दे. ते घूं आता कसं ऐकू येईल याची मला उत्सुकता आहे. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळावा लागेल, उद्यापासूनच बसतो.

गाण्यात काय म्हणणार, हे मी विचारलं नाही.

दोन वाजता निघाला. मी वरच्या खिडकीत उभा राहिलो. रस्त्यावर रेसची गर्दी, ऑटो, भोंगे, एक शब्द ऐकू येईना. पलीकडच्या बाजूला गेल्यावर तो वळला, वर बघितलं आणि काहीतरी म्हणाला, का गायला. मी कानाला हात लावला. त्याने पुन्हा म्हटलं, सावकाश, मौलवीसाहेबांसमोर उभं असल्यासारखं.

ऐकू आलं नाही. पण ओठ गोल झालेले दिसले.